सोवळे आटे, ओवळे आटे

सायकलीच्या हँडलाखाली, चिमट्याचा दांडा सांगाड्याच्या पुढच्या नळीतून वर येतो तिथे, वाट्या, कोन, मूठभर छर्रे आणि वरून कसायचा एक नट एवढाच काय तो संसार असतो. पण जुन्या सायकलीचा हा जोड झिजला, मूळचे भाग मिळेनात, म्हणजे या एवढ्याशा संसारात लुडबूड करायला दोन पंथ पुढे सरसावतात. एक हातोडीवाल्यांचा, दुसरा सोवळ्यांचा. दोघांचेही आपसांत पटत नाही, परंतु सायकल निकामी करण्याच्या कामी दोघांचे अगदी एकमत आहे.

हातोडीपंथाचा मंत्र ‘चालतंय’ हा आहे. बाजारात मिळेल तो संच आणावा, बसत नसेल तिथे कानस लावावी, सैल होत असेल तिथे पत्र्याची पट्टी सारावी, आणि नट अडला तर पान्याच्या दांड्याला नळी लावून रेटावे. वर ‘चाळीस वर्षे असंच करतोय’ हे प्रशस्तिपत्र आहेच. चाळीस वर्षांत किती दांड्यांचे आटे खाल्ले, याची वही मात्र कोणी ठेवलेली दिसत नाही.

आता प्रकरण काय आहे ते पाहा. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने आपल्या सायकलींच्या चिमट्याच्या दांड्यावर इंचाला २६ आटे पाडले. पुढे जगभर जे प्रमाण रूढ झाले त्यात इंचाला २४ आटे. दांडा दोन्हीकडे एक इंचाचाच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. फ्रेंचांनी तर दांडाच २५ मिलिमीटरचा केला आणि एकेक मिलिमीटरवर आटा पाडला. रॅलेचे नॉटिंगहॅममधले उत्पादन २००२ साली थांबले. पण तिथून आलेल्या सायकली आपल्याकडे अजून माळ्यावर आणि रस्त्यावर आहेत, आणि त्यांचे आटे २६चेच आहेत.

अशा दांड्यावर २४चा नट चढवला तर पहिला दीड-दोन फेरा तो गुमान चढतो. मग अडतो. इथेच शहाण्याने थांबायचे असते आणि इथेच आमचे कारागीर नळी शोधू लागतात. रेटलेला नट पुढचे आटे खात जातो आणि उरलेल्या दोन-तीन आट्यांवर सारा भार येतो. थोड्याच दिवसांत तो ढिला पडतो, छर्रे वाटीत खुळखुळू लागतात, आणि दिवे घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की चिमटा मागेपुढे डचमळतो. त्या वेळी ‘चालतंय’ म्हणणारा गृहस्थ आपल्या दुकानात बसलेला असतो.

वाट्यांचेही तेच. कुठे नळीत बसणारी वाटी ३०.२ मिलिमीटरची, तर जपानी मापाची ३०.० ची. चिमट्याच्या खांद्यावर बसणारा कोन एका मापात २६.४ चा, दुसऱ्यात २७.० चा. दोन दशांश मिलिमीटर म्हणजे दोन कागदांची जाडी, असे कोणी हसून म्हणेल. पण तेवढ्याने मोठी वाटी ठोकून बसवली तर नळीचे तोंड फाकते, आणि लहान बसवली तर ती आत डुलत राहते व नळी आतून झिजवते.

हे ऐकून सोवळेपंथी खूश होतील, म्हणून त्यांच्याकडे वळतो. त्यांचे म्हणणे, मूळ संच मिळाला तरच सायकल जोडावी. नाही तर तेल लावून दिवाणखान्यात उभी करावी. म्हणजे देवघरातल्या शाळिग्रामाशेजारी आता सायकल! ज्या पुण्याने एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवले, त्याने सायकल दर्शनाला ठेवावी, हे मला तरी पटत नाही. निरनिराळ्या संचांतले भाग एकत्र आणण्यात काहीही ओवळे नाही. फक्त आधी मोजले पाहिजे.

आणि मोजायला फार विद्या लागत नाही. दांड्यावर फुटपट्टी धरून अर्ध्या इंचातले आटे मोजावेत. १२ भरले तर एक जात, १३ भरले तर दुसरी. आटे असतात ते फक्त वरच्या भागात आणि नटात. झिजते बहुधा खालची जोडी, कारण रस्त्याचे सारे धक्के तिच्यावर येतात. तेव्हा रॅलेचे वरचे आटेदार भाग जपावेत आणि खालची वाटी व कोन दुसऱ्या संचातले घ्यावेत. त्यात जोडी मात्र फोडू नये: एका घडणीची वाटी आणि दुसऱ्या घडणीचा कोन यांच्यामध्ये छर्रा नीट बसत नाही. जोडाची एकूण उंचीही पाहावी. तो उंच झाला तर वरच्या नटाला आटेच उरत नाहीत. बुटका झाला तर चकत्या घालता येतात. कोनाची जागा २७.० ची असेल तर ती हत्याराने कापून २६.४ ची करता येते. ही कानशीची खरवड नव्हे. दोन्हींतला फरक ज्याला कळत नाही त्याने चिमट्याला हात लावू नये.

हँडल सरळ केले की मध्येच खाचेत अडकते, म्हणून सायकल भंगारात काढणारेही पुष्कळ. जोब्स्ट ब्रँट या अभियंत्याने दाखवून दिले की या खाचा धक्क्यांनी ठोकल्या जात नाहीत. हँडल सरळ असताना बारीक थरथरीने ग्रीस बाजूला सरते, धातूवर धातू घासतो आणि खळगे पडतात. अशा वेळी पिंजऱ्यातले छर्रे काढून सुटे घालावेत. वाटी भरावी आणि एक कमी करावा. छर्ऱ्यांमधले अंतर बदलते, सगळे एकदम खळग्यांत पडत नाहीत, आणि भंगारात निघालेली सायकल आणखी काही वर्षे धावते.

ओव्हरऑइलिंगला सायकल टाकताना गिऱ्हाइकाने पैशांची घासाघीस जरूर करावी, पण त्याआधी दुकानात फुटपट्टी आहे का ते विचारावे. नसेल, तर सायकल हातात धरून पुढच्या दुकानापर्यंत चालत न्यावी.