‘मेड इन’च्या शिक्क्याचे मोल

जून २०२५मध्ये मिलान येथील फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांसाठी सादर केलेली पादत्राणे पाहून कोल्हापूरकरांना हसावे की रडावे, हे कळेना. अंगठा, चामड्याचा पट्टा आणि सपाट तळ असा सारा थाट कोल्हापुरी चपलेचा. वर्णनात मात्र ‘चामड्याची सँडल’ एवढाच उल्लेख. ओरड झाल्यावर ही रचना भारतीय हस्तकलेवरून स्फुरल्याचे कंपनीने मान्य केले. डिसेंबरमध्ये तर महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांच्या साहाय्याने सुमारे दोन हजार जोड भारतातच तयार करून ते प्रत्येकी ८०० युरोंच्या आसपास विकण्याची योजना तिने जाहीर केली. ज्या मूळ देशाचे नाव सहा महिन्यांपूर्वी घ्यावेसेही वाटले नव्हते, तेच नाव आता विक्रीचा मुद्दा ठरले.

या प्रकरणाकडे केवळ अस्मितेच्या चष्म्यातून पाहणे पुरेसे नाही. कारागीर तेच, चामडे तेच, तरीही कोल्हापुरातील दुकानात काही हजारांच्या आत मिळणारी वस्तू मिलानच्या नावाने ऐंशी हजार रुपयांच्या घरात जाते. हा फरक वस्तूचा नसून ती कोणत्या नावाने बाजारात येते याचा आहे. वस्तूच्या मूळ देशाचा ग्राहकाच्या मनावर कसा प्रभाव पडतो, याचा पद्धतशीर अभ्यास रॉबर्ट स्कूलर यांनी १९६५मध्ये केला. ग्वाटेमालातील विद्यार्थ्यांना त्यांनी एकसारख्याच वस्तू दाखवल्या. बदलली ती फक्त देशाची चिठ्ठी. तेवढ्याने त्यांचे मतही बदलले. विद्यार्थी वस्तूची नव्हे, देशाची पारख करत होते.

आपणही याला अपवाद नाही. ‘फॉरेनचा माल’ या शब्दांची जादू अनुभवलेली पिढी आजही आपल्यात आहे. ‘डा मिलानो’ ही चामडी वस्तूंची कंपनी किंवा ‘मॉन्टे कार्लो’ हा लोकरी कपड्यांचा ब्रँड मुळात भारतीय. पण नावे मात्र युरोपातील शहरांची. मिलानची कंपनी कोल्हापूरचे नाव टाळते आणि भारतीय कंपनी मिलानचे नाव लावते, या विसंगतीत सारे अर्थकारण सामावलेले आहे.

मात्र कोणत्याही देशाच्या नावाला हे वजन जन्मतः लाभलेले नसते. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का तर मुळात अपमानासाठी जन्माला आला. ब्रिटनने १८८७मध्ये मालाच्या खुणांविषयीचा कायदा केला, तो शेफील्डच्या चाकू-सुऱ्यांची नक्कल करणाऱ्या जर्मन मालापासून ग्राहकाला सावध करण्यासाठी. त्यापूर्वी १८७६मध्ये फिलाडेल्फिया येथील जागतिक प्रदर्शन पाहून जर्मन अभियंते फ्रान्झ रोलो यांनीच आपल्या देशाचा माल ‘स्वस्त आणि निकृष्ट’ असल्याचे परखडपणे लिहिले होते. त्या टीकेने जर्मनीत खळबळ उडाली. पण तेथील कारखानदारी तिच्यातून सावरली, सुधारली. पुढे ज्या शिक्क्याने ग्राहकाने दूर जावे अशी ब्रिटनची इच्छा होती, तोच शिक्का पाहून ग्राहक जवळ येऊ लागला.

जपानचीही कथा याहून निराळी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे तकलादू खेळणी, असाच पाश्चात्त्यांचा समज होता. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९५०मध्ये जपानी उद्योजकांना गुणवत्ता नियंत्रणाचे धडे दिले आणि पुढच्याच वर्षी जपानने त्याच्या नावाने पुरस्कार सुरू केला. तीन दशकांनी परिस्थिती अशी पालटली, की १९८०च्या दशकात हीरो, टीव्हीएस आणि पुण्याच्या कायनेटिकने आपल्या नावापुढे होंडा वा सुझुकी हे नाव अभिमानाने जोडले. भारतीय मध्यमवर्गासाठी ती विश्वासाची हमी होती. पुढे हीरोने होंडाशी काडीमोड घेतला, तरी ग्राहक पांगला नाही. उसन्या विश्वासावर सुरुवात करून स्वतःची पत उभी करता येते, याचे हे देशी उदाहरण. दक्षिण कोरियात सॅमसंगच्या अध्यक्षांनी १९९५मध्ये गुमी येथील कारखान्यात सदोष फोन व अन्य उपकरणे कामगारांच्या डोळ्यांदेखत जाळली, त्यामागचा हेतूही हाच होता.

याउलट, केवळ देशाविषयीच्या रागाने बाजार बदलत नाही, हेही आपण पाहिले आहे. जून २०२०मधील गलवानच्या संघर्षानंतर चिनी मालावर बहिष्काराची लाट आली. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या आयात मालाचा मूळ देश दाखवणे त्याच वर्षीच्या नियमांनी बंधनकारक केले. तरीही त्यानंतर भारतात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनपैकी निम्म्याहून अधिक फोन चिनी ब्रँडचेच होते. त्या किमतीत तोडीस तोड पर्याय नसेल, तर देशप्रेम दुकानाच्या उंबरठ्यावर थबकते.

मग ‘मेड इन इंडिया’ची पत कोण ठरवणार? २०१४मध्ये ‘मेक इन इंडिया’ची घोषणा झाली आणि आज आयफोनचीही जुळणी भारतात होते, ही जमेची बाजू. पण ऑक्टोबर २०२२मध्ये गांबियातील साठहून अधिक बालकांच्या मृत्यूशी भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधांचा संबंध असल्याचा संशय जागतिक आरोग्य संघटनेने व्यक्त केला. एप्रिल २०२४मध्ये हाँगकाँगने दोन बड्या भारतीय कंपन्यांच्या काही मसाल्यांची विक्री थांबवली. यातील दोष काही मोजक्या उत्पादकांचा असेलही, पण शिक्का साऱ्या देशाचा असतो. खोकल्याची औषधे तपासणीशिवाय निर्यात करण्यास जून २०२३पासून मनाई झाली. आणि २०२५मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे आपलीच मुले दूषित औषधाने दगावली. परदेशासाठी एक कसोटी आणि घरच्यांसाठी दुसरी, ही रीत ज्या देशात चालते, त्याच्या शिक्क्यावर जगाने का विसंबावे?

कोल्हापुरीच्या बाबतीतही आत्मपरीक्षणाची गरज आहे. या चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्याचे मानकरी आहेत. मात्र हे मानांकन नावाला संरक्षण देते, घाटाला नव्हे. नाव न घेता घाट उचलणाऱ्यास या कायद्याने रोखणे कठीण. जिथे नाव खुलेआम वापरले जाते, तिथे तरी आपण त्याची राखण करतो काय? रेक्झिनची, यंत्रावर बनलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून आपल्याच शहरांत रस्तोरस्ती विकली जाते. दर मोसमात कर्नाटकातील आंबा ‘देवगड हापूस’च्या पेटीतून ग्राहकाच्या माथी मारला जातो. परक्याने नाव गाळले तर आपण संतापतो. आपल्या माणसाने ते नासवले तर घासाघीस करून दोन पैसे वाचल्याचे समाधान मानतो.

मिलानच्या दुकानात ‘मेड इन इंडिया’ ही अक्षरे झळकली, तर आनंदच आहे. पण त्या ८०० युरोंतील किती वाटा कातडे कमावणाऱ्या आणि वादी वळणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न दोन्ही राज्यांच्या महामंडळांनी आजच विचारायला हवा. प्राडाची हौस एखाद-दुसऱ्या मोसमात फिटेल. नंतर उरेल ती आपली बाजारपेठ, आपली तपासणी आणि आपला ग्राहक. देशाच्या नावाची किंमत जगाने वाढवावी, असे वाटत असेल, तर ती आधी घरच्या दुकानात मोजण्याची तयारी हवी.