केशरी दिव्याकडे बघणार कोण?

केसपेपर, रक्ततपासणीचे अहवाल, एक्स-रेच्या प्रतिमा, औषधांचा साठा हे सगळे आता अनेक रुग्णालयांत एका कुलूपबंद, थंडगार खोलीतल्या सर्व्हरवर असते. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यापासून रुग्णांच्या नोंदी एकमेकांशी कशा जोडायच्या याची चर्चा बरीच होते. त्या नोंदी ज्या यंत्रात आहेत, त्याच्या तब्येतीबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. वास्तविक हा रुग्ण आपले दुखणे स्वतःच सांगतो, तेही रंगीत दिव्यांनी. फक्त बघणारा हवा.

सर्व्हरमधल्या प्रत्येक डिस्कच्या तोंडाशी छोटे दिवे असतात. हिरवा लुकलुकत असेल तर डिस्कवर लिहिणे-वाचणे चालू आहे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. केशरी लागला तर ती डिस्क गेली, किंवा जाण्याच्या बेतात आहे. गंमत अशी, की तरीही खिडकीवरचे काम थांबत नाही. ‘रेड ५’ नावाच्या रचनेत माहिती सगळ्या डिस्कवर अशी विभागलेली असते, की कोणतीही एक गेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातला मजकूर हिशेबाने परत काढता येतो. जी सोय आपल्याला वाचवते, तीच बिघाड झाकून ठेवते. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर इथे महागात पडते. कारण या अवस्थेत दुसरी डिस्क गेली, की सगळेच गेले. डिस्क बहुधा एकाच वेळी घेतलेल्या, एकाच वयाच्या आणि सारख्याच राबलेल्या असतात. शिवाय नवी डिस्क बसवल्यावर तिच्यात मजकूर भरण्यासाठी उरलेल्या साऱ्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्कच्या बाबतीत हे काम कित्येक तास, कधी दिवसभराहूनही जास्त चालते. आधीच थकलेल्यांवर तो आणखी ताण.

घाईत चुकीची डिस्क उपसण्याचा धोका तर वेगळाच. पडद्यावर ‘डिस्क ३’ असे दिसते, माणूस डावीकडून तिसरी काढतो. पण पुष्कळ सर्व्हरमध्ये मोजणी शून्यापासून असते, म्हणजे बिघडलेली चौथी. ज्या रचनेला एकच डिस्क गमावणे परवडते, तिच्यातली एक धडधाकट डिस्क आपल्याच हाताने बाहेर! यासाठीच हव्या त्या डिस्कचा दिवा लुकलुकवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये दिलेली असते. ती वापरल्याशिवाय डिस्कला हात लावू नये.

वीजपुरवठ्याचे दुखणे बहुतेकदा साधे असते. दोन पॉवर सप्लायपैकी एकाचा दिवा केशरी झाला, तर आधी मागची वायर सैल झाली आहे का ते पाहावे. आणि दोन्ही वायरी एकाच बोर्डात खोचल्या असतील, तर दोन पॉवर सप्लाय घेण्याचा खर्च वायाच गेला म्हणायचा.

आता दिव्यांच्या मर्यादा. दिवा तेवढेच सांगतो, जेवढे त्याला जोडलेले असते. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला होता. झडप बंद होण्याचा आदेश गेला, इतकेच त्या दिव्याला कळत होते. ती खरोखर बंद झाली की नाही, हे नव्हे. दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी त्या वाटेने निघून जात राहिले. म्हणून सर्व्हरचा दिवा हिरवा असला तरी त्याच्या आतली नोंदवही, म्हणजे लॉग, अधूनमधून वाचायलाच हवी.

दुसरी मर्यादा आपल्या डोळ्यांची. युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्या छटांमधला फरक नीट कळत नाही; आपल्याकडेही असे पुरुष कमी नाहीत. त्यांच्यातल्या अनेकांना हिरवा आणि केशरी दिवा जवळजवळ सारखाच भासतो. त्यात कंपन्यांचे एकमत नाही. एका कंपनीच्या सर्व्हरवर स्थिर निळा म्हणजे सारे ठीक. दुसरीकडे निळा फक्त ‘हाच तो सर्व्हर’ एवढे दाखवण्यासाठी, आणि ठीक असल्याची खूण हिरवी. रस्त्यावरच्या सिग्नलचे रंग गाडीच्या कंपनीप्रमाणे बदलले तर आपण चालवून घेऊ का? उत्पादकांनी एकसारखे संकेत ठरवायला हवेत. तोवर माहितीपुस्तिकेतल्या दिव्यांच्या तक्त्याची प्रत रॅकच्या दारावर चिकटवावी.

लसींच्या फ्रिजचे तापमान दिवसातून दोनदा वहीत नोंदवण्याची पद्धत आपल्या आरोग्य केंद्रांत आहे. त्यासाठी कोणी अभियंता लागत नाही. सर्व्हरच्या खोलीसाठीही तशीच वही, तशीच सही का नसावी? बॅकअप वेगळ्या जागी हवाच, कारण ‘रेड’ म्हणजे बॅकअप नव्हे. पण एक सुटी डिस्क कपाटात तयार असावी, नाहीतर दिवा केशरी होतो आणि खरेदीची फाइल टेबलांवरून फिरत राहते. देखभालीच्या वार्षिक करारात ‘दिवा केशरी झाल्यापासून किती तासांत डिस्क बदलणार’ असा रकाना आहे का, हे रुग्णालयांनी एकदा पाहावे. नसेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या आधीच तो घालून घ्यावा.