चित्रशाळेचे दार

गेल्या चवथीला आमच्या घरच्या माटोळीचे मी एक चित्र काढले. काढले म्हणजे संगणकावर काढले. नारळाची पेंड, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, निरफणस, कवंडळ, सगळे जिथल्या तिथे! दर्शनाला येणाऱ्यांना त्याची छापील प्रत दाखवत होतो. बहुतेकांना आवडली. आमचे एक वडीलधारे नातेवाईक मात्र चष्मा वर करून म्हणाले, ‘‘हें हाताचें काम न्हय!’’

हाताचे नाही, तर मग कशाचे? त्या एका चित्रासाठी मी तीन आठवडे रोज रात्री पाटीसारख्या टॅब्लेटवर पेन घासत बसलो होतो. मनगट धरले होते ते काही उगाच नव्हे. पण सणाच्या दिवशी वाद कोण घालणार? पातोळ्यांचे ताट पुढे केले आणि विषय संपवला. मनातून मात्र तो गेला नाही.

मी चित्रकलेच्या कोणत्याही शाळेत गेलेलो नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या संगणकावर ‘पेंट’ उघडून माऊसने घरे, माड, होड्या काढायचो. माऊसने चित्र काढणे म्हणजे साबणाची वडी हातात धरून सही करण्यासारखे आहे! पुढे फुकट मिळणारे ‘गिंप’ सापडले, मग ‘क्रिता’ सापडले. तेही फुकटच. ‘क्रिता’ म्हणजे स्वीडिश भाषेत खडू. आपल्याला मात्र ते नाव ऐकून संस्कृतातले ‘कृत’ आठवते. पैसे साठवून पेनचा टॅब्लेट घेतला. पेन दाबले की रेघ जाड आणि हलके धरले की बारीक, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा लहान मुलासारखा आनंद झाला होता.

अशा माणसाला लोक ‘स्वयंशिक्षित’ म्हणतात. मलाही ते बरे वाटायचे. पण थोडा विचार केला की हा शब्द अर्धाच खरा वाटतो.

पहिले चित्र छापायला घेऊन गेलो, तेव्हा पडद्यावर लखलखणारा झेंडूचा केशरी रंग कागदावर मातकट उतरला. माझा चेहरा पडलेला पाहून छपाईवाल्याने स्टुलावर बसवून समजावले. पडदा लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळून रंग दाखवतो, छपाई मात्र निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून होते. उजेडाला जमते ते सगळेच शाईला जमत नाही. चित्र सुरू करतानाच ते कुठे लागणार आहे हे ठरवावे, आणि छापायचे असेल तर इंचाला तीनशे ठिपके धरून, म्हणजे ए-4 कागदासाठी 2480 बाय 3508 ठिपक्यांचे करावे, हेही त्यानेच सांगितले. पाऊण तासाचा तो वर्ग. फी शून्य.

‘लेयर’ म्हणजे काय हे तर मला देवळाच्या भिंतीने शिकवले. आपल्याकडे जुन्या देवळांतून कावी कला दिसते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल कावेचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर अणकुचीदार अवजाराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. फुले, वेली, देवदेवता सगळे त्या खरवडण्यातून उमटते. संगणकावर पांढऱ्या थरावर लाल थर ठेवून मी तो खोडरबराने खोडू लागलो आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे तर आपलेच! फरक एवढाच की मला चूक झाल्यावर मागे फिरता येते. त्या कारागिराला गिलावा वाळायच्या आत काम उरकावे लागे. त्याच्या हाताला मी मनोमन नमस्कार केला.

आपल्या लोटलीच्या मारिओ मिरांडांचे उदाहरण घ्या. त्यांनीही चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते इतिहास शिकले. पण तरुणपणी रोजनिशी लिहावी तशी ते रोज चित्रे काढत. 1949, 1950 आणि 1951 या वर्षांच्या त्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या. त्या चाळल्या की कळते की त्यांचे विद्यालय म्हणजे अख्खा गाव होता. पाद्री, लग्नाचे वऱ्हाड, गाणारे-वाजवणारे, घरातली माणसे! गुरू नव्हता असे कसे म्हणायचे?

आणि साधनाचेच म्हणाल, तर डेव्हिड हॉकनींसारखा जगन्मान्य चित्रकार 2009 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, फोनवर बोटाने चित्रे काढू लागला. त्यांचा हात काही त्या दिवसापासून हात राहिला नाही असे नव्हे!

आता वाटून घेण्याविषयी. काही वर्षांपूर्वी मी गणपतीचे एक चित्र ओळखीच्यांना फोनवर पाठवले होते. चवथीच्या आधी गावाबाहेरच्या एका रस्त्यावर तेच चित्र भल्यामोठ्या बॅनरवर दिसले. खालची माझी सही पुसलेली आणि तिथे भलत्याचेच नाव व फोटो. लहान चित्र ताणून मोठे केल्याने गणपतीच्या कडा करवतीसारख्या झालेल्या. राग कशाचा जास्त आला, सही पुसल्याचा की कडा फाटल्याचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, ‘‘देवाचेच चित्र ना? मग तुमचे कसे?’’

बिनतोड वाटणारा हा प्रश्न कायद्याने केव्हाच सोडवला आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढल्याक्षणी हक्क चित्रकाराचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कलम 57 तर असे सांगते की हक्क विकून टाकला तरी ‘हे माझे काम आहे’ असे म्हणण्याचा अधिकार कलावंताकडे उरतोच. देव सगळ्यांचा, पण रेघ ज्याची त्याची.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी वैतागून वर्षभर कुणाला काही दाखवलेच नाही. चोरी थांबली हे खरे, पण माझे शिकणेही थांबले. चुका दाखवायला कुणी नाही, कौतुक करायला कुणी नाही. तेच माड, त्याच होड्या.

अशा वेळी लहानपणची गणपतीची चित्रशाळा आठवली. पावसाळ्यात शाळा सुटली की आम्ही पोरे तिथे जाऊन बसायचो. मूर्तिकाराला आम्ही आबा म्हणायचो. आबांनी दार कधी लावून घेतले नाही. सोंड तुटली, हात कलला, रंग ओघळला, सगळे आमच्या देखत. कधी मातीचा गोळा हातात देऊन म्हणायचे, उंदीर करून बघ. दार बंद ठेवून फक्त तयार मूर्तीच बाहेर काढली असती, तर आमच्यातला एकही जण ती माती मळायला शिकला नसता.

माझे म्हणणे एवढेच आहे. तयार चित्र दाखवणे हे वाटून घेणे नव्हे, ते प्रदर्शन झाले. वाटायची असते ती घडण. कच्चे रेखाटन, फसलेला रंग, कोणता थर कुठे ठेवला ते. आज तर हे जास्तच निकडीचे आहे. 2022 पासून चार शब्द लिहिले की अर्ध्या मिनिटात चकचकीत चित्र काढून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. आता ‘हाताचे काम न्हय’ म्हणणाऱ्याला तयार चित्र दाखवून काहीच सिद्ध होणार नाही. तीन आठवड्यांच्या पायऱ्या मात्र दाखवता येतील. सही मधोमध करावी, मोठी फाईल आपल्याकडे ठेवून लहान द्यावी, हे सगळे सांभाळावेच. पण चोराच्या भीतीने दार लावले तर विद्यार्थीही बाहेरच राहतो.

सध्या शनिवारी संध्याकाळी वाड्यावरची तीन-चार मुले माझ्याकडे येतात. जुन्या लॅपटॉपवर ‘क्रिता’ घातले आहे. त्यांना माटोळीच्या चित्राचे थर एकेक उघडून दाखवत होतो, तेव्हा सहावीतला एक मुलगा म्हणाला, ‘‘काका, कवंडळ असे पिवळे नसते. पिकले की लालभडक होते. आमच्या कुंपणावर वेल आहे, दाखवतो चला.’’

गेलो. खरेच लालभडक होते! तीन आठवडे रंगवताना मला जे कळले नाही, ते त्याने एका क्षणात सांगितले. त्याच रात्री तो थर उघडला आणि रंग बदलला.

येत्या चवथीला नवी प्रत लावणार आहे. शेजारी कच्च्या रेखाटनाचे कागदही टांगीन म्हणतो. आमचे ते नातेवाईक येतीलच.