‘डूम’चे क्षेपककार : भंगारात निघालेले एक दप्तर

१/ गडांची उंची, तोफांची लांबी आणि घराण्यांच्या वंशावळी यांवरून रात्र रात्र वाद घालणारे आपण इतिहासप्रेमी एका दप्तराकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही. ते आपल्याच घरच्या माळ्यावर, ओरखडे पडलेल्या सीडींच्या चळतीत आहे. हा धागा त्याविषयी आहे, आणि तो भांडखोर आहे हे आधीच सांगून ठेवतो.

२/ विषय : १९९० च्या दशकातील शूटर गेम आणि त्यांत चाहत्यांनी केलेली भर, म्हणजेच ‘मॉड’. ‘हा काय इतिहासाचा विषय झाला?’ असे विचारून जे पुढे सरकणार आहेत, त्यांच्यासाठीच पुढचे सारे लिहिले आहे.

३/ लिहिणारा यवतचा आहे, म्हणून पहिले उदाहरण इथलेच. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतला मुक्काम करते आणि गाव पिठलं-भाकरी रांधून वारकऱ्यांना वाढते. त्या तुकोबांची गाथा आपल्या हाती आली कशी? चाकणच्या संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी ती उतरवून घेतली, पुढे नकलांच्या नकला झाल्या, पाठभेद पडले, क्षेपके शिरली. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या पोथ्या ताडून विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेली छापील गाथा आली ती १८६९ ते १८७३ या काळात.

४/ गाथा आणि गोळीबाराचा खेळ यांची मी बरोबरी करत नाही. तसा अर्थ ज्यांना काढायचाच आहे त्यांनी खुशाल काढावा. साम्य आशयाचे नाही, नकलेच्या रीतीचे आहे. हातोहात पसरणारा मजकूर, त्यात भर घालणारे अनाम हात आणि ‘मूळ कोणते, भर कोणती’ हा संशोधकापुढचा प्रश्न, एवढेच.

५/ आता ‘डूम’. डिसेंबर १९९३, अमेरिकेतील ‘आयडी सॉफ्टवेअर’. ‘वुल्फेन्स्टाइन’ या आधीच्या खेळाच्या फायली चाहत्यांनी उघडून त्यांत फेरफार केले होते. ते पाहून जॉन कारमॅक यांनी डूममध्ये खेळ चालवणारा प्रोग्रॅम आणि खेळातील सामग्री वेगळी ठेवली. चित्रे, आवाज, नकाशे हे सारे ‘वॅड’ नावाच्या फायलीत. चाहत्याने स्वतःचा वॅड बनवावा आणि मूळ वॅडला धक्का न लावता त्याच्या शेजारी ठेवावा. खेळ सुरू होताना मुळावर ही भर चढते. भर काढून घेतली की मूळ जसेच्या तसे.

६/ इथे क्षणभर थांबा. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत स्वतःच्या ओव्या घुसडणाऱ्यांना कडक शब्दांत बजावले. त्यांचा राग रास्त होता. पोथीत भर घातली की ती मुळात मिसळून जाते आणि पुढच्या नकलाकाराला दोन्ही सारखीच दिसतात. वॅडच्या रचनेत हे मिसळणेच टळले. क्षेपक वेगळे राहिले, आणि बहुधा सहीनिशी राहिले.

७/ सही कुठे? बहुतेक मॉडसोबत एक साधी मजकुराची फाईल येई : रीडमी. तीत बनवणाऱ्याचे नाव किंवा टोपणनाव, तारीख, वापरलेली अवजारे, कोणाच्या कामावरून काय घेतले, आभार, आणि इतरांनी यात फेरफार करावा की करू नये याची परवानगी. हस्तलिखिताच्या शेवटी लेखक आपले नाव, शक, तिथी आणि गाव लिहून ठेवतो. आपण तिला पुष्पिका म्हणतो आणि तिच्यावरून पोथीचा काळ ठरवतो. रीडमी ही विसाव्या शतकाची पुष्पिका आहे. अशा हजारो फायली परदेशातील हौशी लोकांनी नीट लावून ठेवल्या आहेत. आपल्याकडे काय आहे?

८/ या सगळ्याकडे केवळ पोरखेळ म्हणून पाहणाऱ्यांसाठी थोडी वंशावळ. १९९६ मध्ये ‘क्वेक’ आला आणि त्यासोबत खेळाचे नियमच बदलता येतील अशी भाषा चाहत्यांच्या हाती आली. त्याच वर्षी तीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी ‘टीम फोर्ट्रेस’ हे मॉड रचले. क्वेकच्याच इंजिनावरून पुढे ‘हाफ-लाइफ’ (नोव्हेंबर १९९८) घडला. हाफ-लाइफवर मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी ‘काउंटर-स्ट्राइक’ची पहिली चाचणी आवृत्ती जून १९९९ मध्ये सोडली. ‘डस्ट’ हा तिचा सर्वांना पाठ असलेला नकाशा डेव्ह जॉन्स्टन या इंग्लंडमधील विद्यार्थ्याचा. २००० साली ‘व्हॉल्व्ह’ने काउंटर-स्ट्राइक आपल्या पंखाखाली घेतले आणि त्याचे दुकानी खोके निघाले. खोक्यावर ठळक नाव कंपनीचे.

९/ आणि ज्या ‘पबजी’ने आपल्या पिढीची झोप उडवली, त्याचा कर्ता ब्रेंडन ग्रीन हाही मुळात ‘आर्मा’ या खेळाचा मॉडकार. तेव्हा क्षेपक म्हणून हिणवू नका. इथे क्षेपकांचेच ग्रंथ झाले आहेत.

१०/ माझे खरे भांडण कंपन्यांच्या सनावळीला इतिहास म्हणण्याशी आहे. अमुक खेळ, अमुक तारीख, अमुक कोटींचा धंदा. भारतापुरते म्हटले की मुंबईत १९९९ मध्ये ‘इंडियागेम्स’ निघाली, एवढ्यावर प्रकरण सुरू होते आणि मोबाइलवर येऊन संपते. आपण ज्याला नावे ठेवतो तो राजेरजवाड्यांचा इतिहास याहून वेगळा कुठे असतो?

११/ हे भांडण पोकळ नाही, याचा पुरावा न्यायालयात आहे. ‘ड्यूक न्यूकेम ३डी’ (१९९६) या खेळासोबतच नकाशे बनवण्याचे अवजार दिले होते. चाहत्यांनी लेव्हल बनवून इंटरनेटवर फुकट ठेवल्या. ‘मायक्रो स्टार’ या कंपनीने त्यांतल्या ३०० उचलल्या, सीडीवर भरल्या आणि ‘न्यूक इट’ या नावाने विकायला काढल्या. खेळाचे प्रकाशक ‘फॉर्मजेन’ यांच्याशी खटला झाला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने प्रकाशकाची बाजू घेतली : या लेव्हल म्हणजे मूळ कथेचे पुढचे भाग, आणि ते विकण्याचा हक्क मूळ मालकाचा.

१२/ निकाल कायद्याने बरोबर असेलही. पण दृश्य पाहा. तीनशे लेव्हलींवर दोन कंपन्या भांडत आहेत, आणि ज्यांनी रात्री जागून त्या रचल्या ते वादीही नाहीत, प्रतिवादीही नाहीत. नांगर धरणारा बाजूला आणि वतनाचा तंटा दोन वतनदारांत! असे कागद वाचायची आपल्याला सवय आहे. तरी इथे आपली दृष्टी आंधळी का व्हावी?

१३/ ‘पण महाराष्ट्राचा यात संबंध काय? जगात गाजलेले एकही मॉड इथले नाही.’ हा आक्षेप नेहमीचा. इतिहास फक्त निर्मात्यांचा असतो, हे आधी कोणी ठरवले? नकलाकाराचा, वाचकाचा, प्रसाराचाही इतिहास असतो.

१४/ विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. खासगी कंपन्यांना मुभा मिळाली ती १९९८ च्या अखेरीस. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर दहा एमबीची फाईल उतरवायला, वाटेत फोन तुटला नाही तर, किमान पाऊण तास. म्हणून मॉड आले ते सीडीवरून : मुंबईहून निघणाऱ्या ‘चिप’ मासिकासोबतच्या (२००१ पासून तेच ‘डिजिट’), लॅमिंग्टन रोडवरच्या, पुण्यातल्या बाजारातल्या, मित्राने ‘राइट’ करून दिलेल्या. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांनी महामार्गाकडेच्या बाजारगावांतही जोडलेले संगणक नेले. वर्ग सुटल्यावर त्या जोडलेल्या संगणकांवर काय चाले, हे तुमच्या थोरल्या भावाला विचारा.

१५/ ‘ती तर चोरीची सीडी!’ होय, पुष्कळशा तशाच. चोरीचे समर्थन करायचे नाही. पण पुरावा कोणत्या वाटेने आला, एवढ्यावरून तो पुरावा नाही असे ठरत नाही. नाहीतर लुटीतून आलेली अर्धी शस्त्रे वस्तुसंग्रहालयांतून काढावी लागतील. मार्करने लिहिलेली नावे, चुकलेले स्पेलिंग, एका सीडीत कोंबलेले चौदा खेळ यांवरून कळते की कोणाकडे काय पोहोचले आणि कोणत्या रूपात.

१६/ जपण्याने काय साधते, याचे एक गंभीर उदाहरण. २० एप्रिल १९९९, कोलंबाइन शाळेतील हत्याकांड. दोन मारेकऱ्यांपैकी एक डूमच्या लेव्हल बनवत असे, हे खरे. त्याने आपल्या शाळेचीच लेव्हल रचून त्यात सराव केला, ही वदंता मात्र जगभर पसरली. तशी लेव्हल कधी मिळाली नाही. त्याच्या ज्या फायली मिळाल्या त्यांत शाळा नाही. फायली कोणीतरी ठेवल्या होत्या, म्हणून वदंतेला उत्तर देता आले.

१७/ राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. पुढे एकूण २२ खंड झाले. गावोगाव पायपीट करून, लोक रद्दी समजत होते ते कागद त्यांनी गोळा केले. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगथर उडतो, जुन्या हार्ड डिस्क भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने जातात. मोडी कागदाला तीन-तीनशे वर्षांची सवड मिळाली. या दप्तराला तीसही धड मिळत नाहीत.

१८/ म्हणून मागणी एकच, आणि ती यवत, केडगाव, दौंड, शिरूरकडच्या मंडळींना आधी. २००५ पूर्वीच्या सीडी घरात असतील तर फेकण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. वाचता येत असेल तर आतल्या फायलींची यादी, मूळ तारखा न बदलता, उतरवून घ्या. रीडमी सापडली तर ती पूर्ण कॉपी करा, आवडली तेवढी नव्हे. सीडी कुठून आली आणि कोणत्या संगणकावर चालली, हे मोठ्यांना विचारून शेजारी लिहा. माणसांची नावे त्यांच्या परवानगीशिवाय टाकू नका. फोटो याच धाग्याखाली जोडा. पुढच्या धाग्यात त्यांची तारीखवार यादी लावू.