एक युरोचं तिकीट आणि समुद्रातली भिंत

इटलीच्या ईशान्य टोकाला त्रिएस्ते नावाचं बंदराचं शहर आहे. शहराच्या मुख्य चौकातून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, जुन्या दीपगृहाजवळ, नगरपालिकेचा एक समुद्रकिनारा आहे. सरकारी नाव 'ला लांतेर्ना', लोकांच्या तोंडी 'पेदोचिन'. खिडकीवर साधारण एक युरो द्यायचा आणि आत जायचं. पण आत गेल्यावर नवरा-बायकोच्या वाटा वेगळ्या होतात. मधोमध उंच पांढरी भिंत आहे, आणि ती थेट पाण्यात उतरते. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका आणि बारा वर्षांपर्यंतची मुलं. बायकांची बाजू मोठी आहे.

ही भिंत कोणा मौलवीने बांधलेली नाही. त्रिएस्ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, तेव्हापासूनची, 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ती आहे. साम्राज्य गेलं, दोन महायुद्धं झाली, शहर इटलीकडे आलं, भिंत तशीच राहिली. भिंत पाडायची गोष्ट निघाली की विरोध होतो, आणि त्यात बायका पुढे असतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: इथे कोणी बघत नाही, पोट सुटलंय की वय झालंय याची फिकीर नाही, मैत्रिणींशी गप्पा मारत दिवस जातो. कित्येक जणी तिथे अगदी कमी कपड्यांत उन्हात पडून असतात. म्हणजे पर्द्याशी याचा काही संबंध नाही. संबंध आहे तो निवांतपणाशी. ज्यांना भिंत नको त्यांच्यासाठी शहरातच बार्कोलाचा लांबलचक किनारा आहे, एकत्र आणि फुकट.

आता इथून साधारण तीस किलोमीटरवर मोन्फाल्कोने हे गाव घ्या. तिथल्या जहाज कारखान्यात मोठमोठी क्रूझ जहाजं बनतात आणि ती बनवणाऱ्या हातांत हजारो हात बांगलादेशी मुसलमानांचे आहेत. 2023 च्या उन्हाळ्यात तिथल्या तत्कालीन महापौर आना मारिया चिसिंत यांनी अंगभर कपड्यांत समुद्रात उतरणाऱ्या मुस्लिम बायकांवर हरकत घेतली आणि बंदीची भाषा केली. 2024 मध्ये त्या युरोपच्या संसदेवर निवडूनही गेल्या. फ्रान्समध्ये हेच 2016 ला झालं होतं. कान शहरापासून सुरुवात करून तीसेक नगरपालिकांनी बुर्किनीवर बंदी घातली. 26 ऑगस्ट 2016 ला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका गावाची बंदी स्थगित केली. नुसत्या कपड्यांमुळे सार्वजनिक शांततेला धोका दिसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

मग त्रिएस्तेची भिंत ही 'परंपरा' आणि आपल्या बहिणीची बुर्किनी हा 'अलगाववाद', असं का? भिंत तर जास्त कडक. ती पुरुषाला अडवते, बुर्किनी कोणालाच अडवत नाही. फरक इतकाच दिसतो की मागणारी बाई कोण आहे.

हे लिहून हात झटकून मोकळं होता आलं असतं. पण बासी ईदला कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर जाऊन बघा, मुरूड घ्या, श्रीवर्धन घ्या. मर्द आणि पोरं पाण्यात. अम्मी, भाभी, आपा वाळूत बसलेल्या, मांडीवर टॉवेल, समोर सगळ्यांच्या चपला. त्यांना कोणत्या महापौराने रोखलंय? थोडं आपण रोखलंय, आणि थोडं त्या मोबाईल कॅमेऱ्यांनी, जे ओल्या कपड्यातली कुठलीही बाई दिसली की वर येतात. तसं कोकणात सगळ्याच समाजांच्या बायका साडीत नाहीतर सलवार-कमीजमध्येच पाण्यात उतरतात. बाहेर आल्यावर कपडे बदलायला धड आडोसा नसतो, आणि असलाच तर दाराला कडी नसते. ही अडचण काही फक्त आपली नाही.

आखातात राहून आलेल्या घरांना दुसरी सोय ठाऊक आहे. दुबईच्या अल ममझर पार्कमध्ये थोडं तिकीट असायचं आणि ठरावीक दिवस फक्त महिलांसाठी राखून ठेवलेले असायचे. भिंत नाही, नुसतं वेळापत्रक. आपल्याकडे हेच जास्त जमण्यासारखं आहे. कारण किनारा सर्वांचा आहे. तो कायमचा कोणासाठी बंद करणं बरोबर नाही, आणि तिकीट लावलं तर मासेमारी करणाऱ्यांची ये-जा अडता कामा नये. पण आठवड्यातून एक सकाळ, किनाऱ्याचा एक तुकडा, दोन महिला जीवरक्षक, कडी असलेल्या खोल्या आणि फोन आत न्यायला मनाई, एवढ्यासाठी दहा-वीस रुपये बायका आनंदाने देतील.

शादीखान्यासाठी, कब्रस्तानच्या कंपाउंडसाठी आपल्या जमाती नगरपरिषदेकडे अर्ज करतात, मागे लागतात, काम करून घेतात. बायकांना समुद्रात उतरता यावं म्हणून एखादी जमात अर्ज घेऊन गेल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. अर्जावर पहिल्या सह्या बायकांच्या असाव्यात, आणि सकाळ कोणती हवी हेही त्यांनाच विचारावं.