नुसता चष्म्याचा नंबर काढणारा?

आपल्याकडे डोळे तपासणारा म्हणजे एक तर डॉक्टर, नाही तर चष्म्याच्या दुकानातला माणूस. या दोघांच्या मध्ये ऑप्टोमेट्रिस्ट नावाचा कुणी असतो, चार वर्षांची पदवी घेऊन येतो, हे हॉस्टेलवर दहा जणांना विचारा, दोघांना माहीत असलं तरी खूप! हॉस्पिटलांनाही तो बहुधा नंबर काढण्यापुरताच आठवतो. काचबिंदूच्या बाबतीत हे फार महागात पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोतीबिंदू सगळ्यांना ठाऊक. शिबिर लागतं, गाडी येते, ऑपरेशन होतं, आजोबा पुन्हा पेपर वाचायला लागतात. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्यातला दाब वाढून, कधी कधी न वाढताही, डोळ्याची नस हळूहळू मरते. बहुतेकांना काही दुखत नाही. नजर कडेकडेने जाते आणि गेलेली परत येत नाही. चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख भारतीयांना हा आजार असावा, असा २०१० मधला अंदाज आहे. त्यातल्या बहुसंख्यांना त्याचा पत्ताच नसतो. म्हणजे हे एका दिवसाच्या शिबिराचं काम नव्हे, जन्मभराच्या मेंटेनन्सचं आहे.

आता मेंटेनन्स म्हटलं की आपला विषय आलाच. दाब मोजायचा गोल्डमन टोनोमीटर बुबुळाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती बल लागतं ते पाहतो. हा व्यास असा निवडलाय की १ ग्रॅम बल म्हणजे बरोबर पाऱ्याचे १० मिलिमीटर. काय सुरेख डिझाइन! पण बुबुळ जाड असेल, रुग्णाने पापण्या आवळल्या किंवा श्वास रोखला, की रीडिंग फुगतं. दुसरी तपासणी नजरेच्या क्षेत्राची. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, कडेला उजेड चमकला की बटण दाबायचं. शेवगाव-पाथर्डीच्या एखाद्या आजींना ही परीक्षाच वाटणार. नापास नको म्हणून त्या काही दिसलं नाही तरी बटण दाबत सुटणार. रिपोर्ट गेला वाया! शेजारी बसून त्यांच्या बोलीत समजावणारा, मध्येच थांबवून धीर देणारा माणूस तिथे पाहिजे. तो वेळ डॉक्टरांकडे कुठून येणार?

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरचा. अकोल्याहून किंवा जामखेडहून नगरला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. रांगेत अर्धा दिवस बसून 'ठीक आहे, थेंब चालू ठेवा' एवढंच ऐकायला मिळालं, तर माणूस पुढच्या तारखेला येईल कशाला? थेंबाने तर काही फरक 'दिसत'ही नाही.

ब्रिटनमध्ये हे काम वाटून घेतलेलं आहे. ब्रिस्टलला १९९० च्या दशकात आजार स्थिर असलेल्या रुग्णांचा एक गट ऑप्टोमेट्रिस्टकडे सोपवून पाहिला. दोन वर्षांनी हॉस्पिटलच्या गटाशी तुलना केली तर नजरेत लक्षणीय फरक नव्हता. (पैसे मात्र वाचले नाहीत, उलट जास्त लागले, हेही सांगायला हवं.) म्हणूनच मी म्हणतो, ऑप्टोमेट्रिस्टला बाहेर दुकानात नको, हॉस्पिटलातच, डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत बसवा. निदान, औषध बदलणं, ऑपरेशन हे डॉक्टरांचंच. 'उद्या हेच औषधं लिहायला लागतील' ही डॉक्टरांची धास्ती मला अगदीच खोटी वाटत नाही. पण मग कोणता रुग्ण कुणी पाहायचा, दाब किती वाढला की लगेच डॉक्टरांकडे पाठवायचं, हे कागदावर लिहून ठेवा ना! ऑप्टोमेट्रीसारख्या पेशांसाठी केंद्राचा कायदा २०२१ मध्येच झालाय.

आणि त्या खोलीत एक साधी वहीसुद्धा ठेवा, तारखेला न आलेल्यांच्या नावांची. संध्याकाळी त्यांना फोन करायचा. आलेल्यांना आधी बाटली हातात देऊन म्हणायचं, 'बाबा, थेंब कसा घालता, दाखवा बरं.' किती जणांचा थेंब डोळ्यात न पडता गालावर ओघळतो, ते तिथेच कळेल.