रानमाणसाच्या हातातील ढाल

पंधराव्या शतकातील जर्मन मुद्राचित्रांत केसाळ रानमाणूस वारंवार भेटतो. त्याच्याविषयी लिहिताना 'इतर' ही संज्ञा आता जवळजवळ अटळ झाली आहे. नागर संस्कृतीने स्वतःची सीमा आखण्यासाठी रचलेली प्रतिमा, असे म्हटले की विवेचन आटोपते. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि वर्गात तो फार सहज खपतो, असे आम्हांस वाटते.

मूळ चित्रे पाहावीत. मार्टिन शोनगाउअर (मृत्यू १४९१) हा कोल्मारचा, सोनाराचा मुलगा. संत अँथनीच्या छळाच्या ताम्रमुद्राचित्रात त्याने मासे, कीटक आणि पशू यांचे अवयव जोडून अंगावर येणारी भुते घडवली. त्याच कोरणीने त्याने कुलचिन्हांची लहान वर्तुळाकार चित्रेही कोरली. त्यांपैकी एकात सिंहमुखाची ढाल सांभाळत बसलेली रानस्त्री आहे. तिच्या अंगभर केस आहेत. आणि ती मुलाला पाजते आहे. भय कसे निर्माण करावे हे उत्तम जाणणाऱ्या कलावंताने येथे ते कटाक्षाने टाळले आहे. शिवाय, ढाल म्हणजे कुळाची ओळख. जो केवळ सीमेबाहेरचा, त्याच्या हाती ती का द्यावी?

हे उदाहरण एकटे नाही. 'पत्त्यांचा मास्टर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनामिक कलावंताने त्याच्या कितीतरी आधी फुले, पक्षी, हरणे यांच्या बरोबरीने रानमाणसांचाही एक रंग पत्त्यांत योजला होता. 'हाउसबुक मास्टर'च्या चित्रात रानमाणूस एकशिंग्यावर स्वार झालेला दिसतो. पुढे १५३० मध्ये न्यूरेंबर्गच्या हान्स झाक्सने एक काव्य रचले. त्यात रानातली माणसेच बेइमान जगाविषयी तक्रार करतात. येथे सीमेपलीकडचा माणूस नगराची झडती घेतो.

म्हणजे भीती, कौतुक, हेवा आणि आत्मपरीक्षण हे सारे या एका आकृतीत साठले आहे. 'इतर' या शब्दाने त्यातली फक्त भीती टिपली जाते. सिद्धान्ताला आमचा विरोध नाही. मात्र विद्यार्थ्याच्या हाती संज्ञा आधी आणि चित्र नंतर दिले, तर पाजणारी आई त्याला दिसतच नाही. त्याला दिसते ते केवळ संज्ञेचे उदाहरण. कवितेच्या तासालाही आपण हेच करीत नाही ना, याचा विचार अध्यापकांनी करावयास हवा.